रुमालाखालची बोटं

वाटे कसे घालावेत हे तुम्हाला कधी कोणी शिकवलंच नाही, राज्यं वाटणारे दिल्लीचे साहेब. आमच्याकडं गुरं वळणाऱ्यालाही ठाऊक असतं की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं उचलायचे. घालणाराच उचलणारा झाला की न्याय मेला. तुम्ही वाटेही घातलेत आणि उचलही तुम्हीच केलीत. नागपूर तिकडं दिलं, भोपाळ इकडं घेतलं, आणि पारडी बरोबर होईनात तेव्हा काट्याला दगड बांधावा तसं बुऱ्हाणपूर उचलून एका पारड्यात टाकलंत. रेघ जुनीच होती, इंग्रजानं ओढलेली. पण तिच्या दोन्ही बाजूंना मराठी अर्ज चालत होता, मराठी शिव्या चालत होत्या. तुम्ही त्या रेघेवर भिंत चढवलीत. ती नेमकी शालिग्राम चौधऱ्यांच्या केळीच्या दोन मळ्यांमधून गेली. एक मळा अलीकडं राहिला, एक पलीकडं रावेरच्या हद्दीत गेला. त्या घरातल्या कोणाला तुम्ही काही विचारलंत? विचारायचं असतं, हे तरी तुम्हाला माहीत होतं का?

असो. तुम्ही ऐकणार नाही हे आता सवयीचं झालं आहे.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा दिवस होता. नव्या राज्यातली पहिली आखाजी, आणि शालिग्रामांच्या नावाच्या घागरीचीही पहिलीच. त्यांच्या बायकोनं, मनकर्णानं, सकाळी अंघोळ करून नवी घागर भरली. घागरीवर लोटा, लोट्यावर डांगर म्हणजे खरबूज, बाजूला दोन आंबे आणि सांजोरी. मेलेलं माणूस आखाजीला पाणी प्यायला घरी येतं म्हणतात. यंदा शालिग्राम आले असते तर त्यांना ओसरीवर टेकायला जागा मिळाली नसती. ओसरीवर वाटणी बसली होती.

उन्हं चढेपर्यंत सगळं वाटून झालं. थोरला निंबा पलीकडचा मळा घेऊन तिकडंच राहायला जाणार होता. धाकटा सुधाकर तहसील कचेरीत कारकून, म्हणून त्याला अलीकडचा मळा आणि बुऱ्हाणपुरातलं, लोधीपुऱ्यातलं हे राहतं घर. इंजिन, बैल, तांब्या-पितळेची भांडी, झोपाळ्याची फळी, सगळ्याला एकेक धनी मिळाला. भांडण झालं नाही. भांडायला अंगात त्राण लागतं. शालिग्रामांचं वर्षभराचं दुखणं, मग मरण, मग ही रेघ. भाऊ भाऊ वेगळे होताना एकमेकांवर ओरडलेसुद्धा नाहीत, आणि मनकर्णाला त्याचीच जास्त भीती वाटली.

निंबाच्या बायकोनं, मालूनं, आपल्या वाट्याचा हंडा बाजूला काढला. सुधाकरची रजनी जेठासमोर, थोरल्या दिरासमोर, पदर पुढं ओढून दाराआड उभी होती. दोघी जावांनी सकाळपासून एकमेकींकडं पाहिलं नव्हतं.

"आता काय राह्यलं?" उखर्डूनं विचारलं. शालिग्रामांचा हा चुलतभाऊ बैलांचा दलाल. अर्धं निमाड आणि सगळा खानदेश त्याच्या पायाखालचा. घरातला मोठा म्हणून तोच पंच.

"मोटरसायकली राह्यल्या," निंबा म्हणाला.

मनकर्णा दारातल्या पाटावर बसून कुरडया मोडत होती. तिचा हात थांबला. मोटारसायकली राहिल्या होत्या आणि तीही राहिली होती. पण तिचं नाव सकाळपासून कोणी घेतलं नव्हतं. लोटू सालदाराला मात्र निंबानं पहाटेच विचारलं होतं, "आखाजी झाली, लोटू. राह्यतो का जातो?" लोटू म्हणाला, विचार करून सांगतो. सालदाराचं साल आखाजीला सरतं. त्याला विचारतात, तो विचार करतो. मनकर्णाला एवढंच हवं होतं, की पुढच्या आखाजीला ही घागर ती कोणत्या घरात भरणार हे कोणीतरी तिच्या तोंडावर बोलावं. तिनं पुन्हा कुरडई मोडली.

अंगणात कडुनिंबाखाली त्या दोघी उभ्या होत्या. दोन्ही तांबड्या, दोन्ही इटलीच्या. गुज्जी आणि गिलेरा.

त्या या घरात आल्या त्याला चार वर्षं झाली. शालिग्राम आणि उखर्डू नर्मदेपलीकडच्या एका लहानशा संस्थानात बैल घ्यायला गेले होते. संस्थान विलीन झालेलं, राजाचा गोठा विकायला काढलेला. तांबड्या निमाडी बैलांची जोडी आहे अशी खबर होती. हे पोचले तर जोडी सकाळीच गेलेली. रिकाम्या दाव्यानं परत फिरायचं शालिग्रामांच्या जिवावर आलं. कामदारानं, म्हणजे संस्थानच्या कारभाऱ्यानं, त्यांना मोटारखान्यात नेलं. राजाला म्हणे जगातली सगळ्यात सरस मोटारसायकल हवी होती. काही जण म्हणाले गुज्जी, काही म्हणाले गिलेरा. त्यानं दोन्ही मागवल्या. सकाळी एक पळवायचा, संध्याकाळी दुसरी. कोणती खरी हे ठरायच्या आतच त्याचं राज्य गेलं. "जी पसंत पडेल ती एक न्या," कामदार म्हणाला.

शालिग्रामांनी दोघींभोवती फेरी मारली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जोडी फोडू नये. फोडली की दोन्ही जनावरं वाया जातात."

आता सांगा. त्या दोघी जोडी कुठल्या? जन्माच्या सवती त्या. एकीनं दुसरीला मागं टाकावं म्हणूनच त्यांना घडवलेलं. पण बैलांच्या माणसाला दोन तांबडी जनावरं शेजारी उभी दिसली की मधे जू दिसायला लागतं. ही चूक फक्त आमच्याच मातीतला माणूस करू शकतो. एक निवड म्हटलं तर निवडायचं राहूनच जातं, दोन्ही दारात आणून बांधतो, आणि पोटच्या दोन पोरांना सांगतो, घ्या, मिळून चालवा.

मिळून कसलं? पहिल्याच दिवशी दोघांनी गिलेरावर हात ठेवला. तिचं इंजिन ताठ उभं, अंग आटोपशीर, कान पिळला की ती उडतच निघायची. गुज्जीचं इंजिन आडवं, पुढं तोंड करून निजलेलं, आणि डाव्या अंगाला उघडं चाक गरगर फिरणारं, सुरीला धार लावणाऱ्याच्या चाकासारखं. तिचा आवाज विहिरीवरच्या इंजिनासारखा, दमादमानं. पोरं गिलेरासाठी भांडली, मग गुज्जी बापाकडं राहिली. बाप गेल्यावर ती तशीच उभी राहिली. तिच्या खोगिरावर निंबोळ्या पडायच्या, त्या मनकर्णा पदरानं झटकायची.

"काका, सीधी बात," सुधाकर म्हणाला. कचेरीत आता सगळं हिंदीत लिहावं लागायचं, ते घरीही जिभेवर यायचं. "भाऊ जाणार रावेरकडं. तठी रस्ता कच्चा, मळ्यातला. कच्च्या रस्त्याले गुज्जी बेस्ट. गिलेरा मेरे को शहरात कामाची आहे."

"शहरात?" निंबा हसला. "इतवाऱ्याच्या गर्दीतून सायकल निघत नाही, अन् तू गिलेरा काढशील? घरापासून कचेरीपर्यंत जाशील, टेबलामागं बसशील. त्याले काय गिलेरा लागते? तुझ्या खुर्चीले चाकं लाव."

"अन् तू काय केळीच्या घडांशी शर्यत लावशील?"

"मले स्टेशनावर जावं लागतं. वॅगन आली का नाही ते पाहावं लागतं. जो आधी पोचला त्याचा माल भरला."

"मग गुज्जी काय पोचत नाही का? नाना तिच्यावरूनच जात होते."

"नाना जात होते," निंबा म्हणाला, आणि दोघांनी बापाच्या गुज्जीकडं पाहिलं.

उखर्डू उठला. धोतराचा सोगा खोचून तो गिलेरापाशी गेला आणि तिचा दिवा दोन्ही हातांत धरला, जबडा उघडून पाहावा तसा. "हिचे दात तर पडेल आहेत."

"काका, काच फुटेल आहे ती."

"तेच म्हणतो मी." त्यानं टायर दाबून पाहिलं, मग गुज्जीच्या आडव्या इंजिनावर चापट मारली. "ही बसकी आहे. पण बसका बैल चढाले दम सोडत नाही. शालिग्रामनं असीरगडचा घाट हिच्यावर चढेल आहे. मी मागं बसेल होतो, डोळे मिटून." तो मागं सरला. "पळवून दाखवा. उभ्या जनावराचं मोल सांगत नाही मी."

भर दुपारचं ऊन. दोघे भाऊ दोन गाड्यांवरून गेले. निंबा गिलेरावर, सुधाकर गुज्जीवर. लोधीपुऱ्यातली आखाजीला आलेली माहेरवाशीण अन् माहेरवाशीण झोके सोडून दारात आली. मनकर्णा जागची हलली नाही. तिला आवाजावरून कळत होतं. गिलेराची तडतड आधी विझली. गुज्जीची ढकढक बराच वेळ मागं राहिली, जशी काही तिला जायचंच नव्हतं.

त्या गुज्जीवर मनकर्णा एकदा बसली होती. आईबाप गेल्यावर तिला आखाजीला माहेरी बोलावणारं कोणी उरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी शालिग्राम म्हणाले, "चल, तुझी आखाजी करून आणतो." लोक काय म्हणतील असं ती म्हणाली. "लोकांकडं गुज्जी नाही," ते म्हणाले. तिनं पदर कमरेला घट्ट खोचला, त्या फिरत्या चाकापासून पाय दूर धरला आणि गावाबाहेर पडेपर्यंत डोळे उघडले नाहीत. माहेरच्या गावच्या वेशीला जाऊन, कोणाच्याही दारात न उतरता, नदीचं पाणी पिऊन दोघं परत आली. तिची तेवढीच आखाजी. ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं, आणि आज तर मुळीच नव्हतं.

दोघे परत आले, गाड्या बदलून पुन्हा गेले, पुन्हा आले. घामानं सदरे अंगाला चिकटलेले. उखर्डूनं विचारलं, "बोला."

"गिलेरा," दोघे एकदम म्हणाले.

मालूनं हंडा खाली ठेवला. "मी म्हणते, दोन्ही विकून टाका ना. रोजची कटकट."

"विकायच्या नाहीत!" दोघे भाऊ तिच्यावर एकदम ओरडले. सकाळपासून दोघांचं एकमत झालं ते एवढंच. पापणी लवायच्या आत ते पुन्हा मोडलं.

"मग रिवाजानं जा," उखर्डू म्हणाला. "निंबा, तू वाटे घाल. सुधाकर उचलीन."

निंबानं काठीनं अंगणाच्या धुळीत रेघ ओढली. अलीकडं गिलेरा लोटली, पलीकडं गुज्जी. मग खोलीतून राजाच्या मोटारखान्यातून आलेली पेटी आणली. पाने, तारा, प्लग, सुटे भाग. ती गुज्जीपाशी ठेवली. राजाचा डोळ्यांना लावायचा चामड्याचा चष्मा, तोही गुज्जीपाशी. हवा भरायचा पंप, तोही. गिलेराच्या बाजूला काही नाही. ती एकटीच उभी, तरी जड.

सुधाकर उभा राहिला. त्यानं गिलेराकडं बोट उचललं.

"थांब," निंबा म्हणाला. "वाटा पुरा व्हायचा आहे." तो धुळीकडं पाहत होता. "गिलेरासंगं माय."

कडुनिंबावरची चिमणी त्या वेळी बोलत असेलही, पण मनकर्णाला काही ऐकू आलं नाही.

"म्हणजे?" सुधाकरचं बोट हवेतच राहिलं.

"म्हणजे जो गिलेरा घेईन तो मायले ठेवीन. भारी वाट्याले भार पाहिजे. नाहीतर वाटे बरोबर होत नाहीत. काका, सांगा, चुकलं का?"

उखर्डूनं डोकं खाजवलं. "हिशोबानं बरोबर आहे," तो म्हणाला.

हिशोबानं! केळीचे घड तोलताना काट्याची एक बाजू उचलली जाते. मग हलक्या पारड्याला एक दगड बांधतात, तो पासंग. दगडाला कोणी विकत नाही, कोणी घेत नाही. त्याला वजनही असतं ते दुसऱ्या कशाचं तरी. हा दगड मनकर्णानं स्वतः कितीदा बांधला होता. आज तिला पहिल्यांदा त्याची कीव आली. आणि गंमत बघा, तिला कोणी विचारलं असतं तर ती गुज्जीच्या बाजूला जाऊन उभी राहिली असती. तिला बांधली तीही गिलेराला, जिच्यावर ती कधी बसली नव्हती.

"मायचं वेगळं कर, भाऊ," सुधाकर म्हणाला. "गाडीचं वेगळं."

"का? मायचं नाव आलं तर बोट खाली काहून आलं तुझं?"

"बोट खाली नाही आलं!" ते खाली आलेलं होतं. "फालतू बात मत कर. तुले मालूम आहे मी नाही म्हणणार नाही. पण बाराही महिने मीच काहून? तू काय उपरा आहेस?"

"मग गुज्जी घे. मी घेतो गिलेरा अन् माय. बाराही महिने घेतो."

"हां, म्हणजे गावात नाव तुझं होईन. निंबानं मायले सांभाळलं, सुधाकरनं टाकलं."

"तर मग तू घे!"

"मी नाही म्हणलो का?"

मनकर्णा ऐकत होती. दोघेही हो म्हणत होते, आणि एकही हो तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

दाराआडून रजनीनं कुजबुज केली. जेठाशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती मालूशी बोलली. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच आपणहून. "जाऊबाई, सासूबाईंना इथंच राहू द्या म्हणावं. माझ्यानं एकटीनं घर होत नाही."

"अन् माह्यानं म्हशी होतात का?" मालू म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "ऐकलं का, दोघींनाही पाहिजे आहेत त्या. अन् दोघींनाही कामाले." तिनं रजनीकडं नीट पाहिलं. "आपलंही असंच एक दिवस होईन बाई. कोणत्या गाडीसंगं टाकतील काय माहीत."

रजनीनं पदर आणखी पुढं ओढला आणि हंड्याची दुसरी कडी धरली. दोघींनी मिळून तो हंडा बिनाकारण उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

अंगणात आवाज चढला होता. उखर्डूनं दोन्ही हात वर केले. "बस! आखाजीचा दिवस आहे, शालिग्रामची घागर आत भरेल आहे. ही तोंडानं बोलायची गोष्ट नाही." त्यानं खांद्यावरचं उपरणं काढून झटकलं. "बाजारात दोन धन्यांचं जमलं नाही तर आम्ही काय करतो? रुमाल टाकतो. लोकांसमोर लाज जात नाही, मनातलं मोल बोटांत येतं. हात द्या. एक बोट म्हणजे एक महिना. गिलेरा सुधाकरची, त्यानं आधी बोट केलं. वहिनी निंबाकडं किती महिने अन् सुधाकरकडं किती, ते तुम्ही दोघं आत ठरवा. बाहेर आवाज नको."

"काका, हे..." सुधाकर म्हणाला.

"तुले तोंडानं बोलायचं आहे का? तिच्यासमोर?"

सुधाकरनं हात पुढं केला. निंबानं केला. उपरणं दोन हातांवर पडलं.

बैलाच्या बाजारात हा देखावा मनकर्णानं असंख्य वेळा पाहिला होता. दोन माणसं समोरासमोर, मधे फडकं, आत एकाच्या मुठीत दुसऱ्याची बोटं. वर दोघांचे चेहरे असे, जसं काही पावसापाण्याचं बोलतायत. शालिग्राम तिला सांगायचे, "रुमालाकडं पाहायचं नाही, काही दिसत नाही. दंडाकडं पाहायचं. बोट धरलं की दंडाची शीर हलते." तिला मोजता यायचं. बाजारातून घरी येईपर्यंत ती नवऱ्याला सांगायची, त्या म्हाताऱ्यानं तुम्हाला दोनदा फसवलं. ते हसायचे.

आता तिनं पोरांच्या दंडांकडं पाहिलं.

निंबाची शीर हलली. एक. पुन्हा हलली. दोन. सुधाकरनं मान नाही म्हणून हलवली, हात झटकला, उपरणं फडफडलं. परत मूठ आवळली. आता सुधाकरचा दंड. तीन. निंबानं ओठ चावला. लहानपणी तापीच्या पाण्यात उतरताना याच निंबाच्या मुठीत याच सुधाकरची बोटं असायची, आणि ती काठावरून ओरडायची, सोडू नको रे. आज दोघांनी घट्ट धरलं होतं. ती काही ओरडली नाही.

चार. चारवर दोन्ही दंड थांबले. उपरणंही थांबलं. उखर्डूनं वाकून दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. "झालं?"

मनकर्णाला आकडा कळला होता. चार. पण आकडा कळूनही काहीच कळलं नव्हतं. बाजारात तिला माहीत असायचं, हा घेणारा आहे, याला कमी हवं. तो देणारा आहे, त्याला जास्त हवं. म्हणून शीर वाचता यायची. इथं घेणारा कोण आणि देणारा कोण? चार महिने मला दे, असं एक जण म्हणत होता, का चार महिने तू घे? मागताना काय आणि देताना काय, बोटाला नि दंडाला सारखाच ताण पडतो.

ती उठली. मांडीवरच्या कुरडया जमिनीवर सांडल्या. ती ओसरीच्या दोन पायऱ्या उतरून उन्हात आली. नवऱ्याच्या दुखण्यापासून ती चारचौघांत अशी आलीच नव्हती.

"वहिनी, तुम्ही आत बसा," उखर्डू म्हणाला. "रुमाल टाकेल आहे. मधे येत नाहीत."

"भाऊजी, तुम्ही बैल विकता," मनकर्णा म्हणाली. "बैलालेही बाजारात आणून उभं करतात. मी आली तर काय झालं?"

तिनं उपरण्याचं टोक धरलं आणि ओढलं.

दोन हात उघडे पडले. सोडायला वेळच मिळाला नाही. निंबाच्या मुठीत सुधाकरची चार बोटं, अंगठा तेवढा बाहेर, पांढरा पडलेला. दोघे त्या हातांकडं असे पाहत राहिले, जसे ते दुसऱ्याच कोणाचे असावेत. मालू आणि रजनी दारात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. उखर्डूनं रिकाम्या खांद्यावरून हात फिरवला.

सुधाकरनं बोटं सोडवायला हिसका दिला.

"नको," मनकर्णा म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडायचं बळ वर्षभराच्या जागरणात गेलं होतं. "चार मोजले मी. तुमच्या बापानं शिकवेल आहे मले. पण एक गोष्ट त्यानं नाही शिकवली, अन् तुम्ही सांगा. सकाळी लोटूले विचारलं, राह्यतो का जातो. मले नाही विचारलं, चालतं, मी काय सालदार नाही. भोपाळवाल्यानंही नाही विचारलं, दिल्लीवाल्यानंही नाही. त्यांचे हात मले दिसत नाहीत. तुमचे दिसू राह्यले."

तिनं आपला हात त्या दोन हातांवर ठेवला. गुज्जीचं ते चाक स्थिर होतं, त्याच्यावर एक निंबोळी पडली आणि घरंगळत धुळीतल्या रेघेपर्यंत गेली.

"निंबा, तू हे चार महिने मागू राह्यला का देऊ राह्यला? सुधाकर, तू मले ओढू राह्यला का ढकलू राह्यला? काकाकडं पाहू नका. गाडीकडं पाहू नका. हात सोडायचे नाहीत, तसेच राहू द्या, अन् तोंडानं बोला. बोला ना रे. माय पाहिजे म्हणून धरलं का नको म्हणून?"